दिवसा एल्विससाठी गिटार वाजवणारा हँक गार्लंड रात्री जॅझ वाजवायचा

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एक अजब गोष्ट घडली. तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिल्या नंबरवर जे गाणं आलं, ते १९५८ साली रेकॉर्ड झालेलं होतं. गाण्याचं नाव ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ आणि गायिका ब्रेंडा ली. हे गाणं म्हटलं तेव्हा ती १३ वर्षांची होती, ते पहिल्या नंबरवर पोचलं तेव्हा ७८ वर्षांची. साहजिकच सगळीकडं तिचं कौतुक झालं.

त्या गाण्यात तिच्या आवाजाच्या मागं एक टणटणीत इलेक्ट्रिक गिटार ऐकू येते. ती वाजवणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुणी फारसं घेतलं नाही. तो असता तरी कुणी घेतलं असतं का, सांगता येत नाही, कारण नाव न येणं हाच त्याच्या धंद्याचा नियम होता.

त्याचं नाव हँक गार्लंड.

नाव ओळखीचं नसेल, पण त्याची गिटार तुम्ही ऐकलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ख्रिसमसच्या दिवसांत वाजणारं दुसरं हमखास गाणं म्हणजे ‘जिंगल बेल रॉक’. त्याच्या सुरुवातीला जी गिटार वाजते ती त्याचीच. एल्विस प्रेस्लीचं ‘लिटल सिस्टर’, रॉय ऑर्बिसनचं ‘ओन्ली द लोनली’, पॅट्सी क्लाइनचं ‘आय फॉल टू पीसेस’, या सगळ्यांत तो आहे. वयाच्या तिशीपर्यंत त्यानं एवढं काम करून ठेवलं होतं, आणि तिशीतच ते थांबलं.

पण गंमत म्हणजे या गाण्यांमधलं संगीत त्याला सगळ्यात जास्त आवडायचं असं नव्हतं. त्याचा जीव अडकला होता जॅझमध्ये.

सुरुवातीपासून बघू.

दक्षिण कॅरोलायना राज्यात काउपेन्स नावाचं छोटं गाव आहे. नावाचा सरळ अर्थ गुरांचे कोंडवाडे. आसपासचा सगळा भाग कापडगिरण्यांचा. तिथं ११ नोव्हेंबर १९३० रोजी वॉल्टर लुई गार्लंडचा जन्म झाला. पुढं तो हँक म्हणूनच ओळखला गेला.

त्या काळी अशा गावात संगीत यायचं ते रेडिओवरून. कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबातल्या मेबेल कार्टर यांची गिटार हँकनं लहानपणी ऐकली. मेबेल यांची पद्धत वेगळी होती. अंगठ्यानं खालच्या तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर ताल धरायचा. एकच बाई वाजवतेय, पण ऐकणाऱ्याला वाटावं दोघं वाजवतायत. सहा वर्षांच्या पोराला ते ऐकून गिटारच हवी झाली. मिळाली. बाराव्या वर्षी तो आसपासच्या रेडिओ केंद्रांवर वाजवू लागला होता.

यानंतरचा किस्सा सिनेमात शोभावा असा आहे. चौदा-पंधरा वर्षांचा हँक जवळच्या स्पार्टनबर्ग शहरात गिटारची तार विकत घ्यायला दुकानात गेला. तिथं पॉल हॉवर्ड नावाचे बँडप्रमुख आले होते. त्यांनी पोराचं वाजवणं ऐकलं आणि ते त्याला थेट नॅशव्हिलला घेऊन गेले.

नॅशव्हिल म्हणजे टेनेसी राज्याची राजधानी आणि कंट्री संगीताची पंढरी. दर शनिवारी रात्री तिथून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम व्हायचा. दूरदूरच्या खेड्यांतली शेतकरी कुटुंबं तो ऐकायला रेडिओभोवती गोळा व्हायची. त्या मंचावर हे पोरगं वाजवून आलं, लोकांना आवडलंही. पण वय आडवं आलं. १६ वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्याला घरी परत पाठवलं गेलं.

सोळावं संपायची वाट कुणी बघितली नाही. ते लागताच हँक पुन्हा नॅशव्हिलमध्ये हजर. ‘मा अपचर्च’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंच्या घरी वादक मुलं भाड्यानं राहायची, तिथं तो उतरला. खोलीत त्याच्यासोबत बास वाजवणारा बॉब मूर आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा डेल पॉटर होते. पुढं बॉब मूर नॅशव्हिलमधला सर्वाधिक मागणीचा बासवादक झाला. एका खोलीत एवढी माणसं निघाली म्हणजे खोलीचंच काहीतरी असावं!

तिथं हँक रियाज करायचा. बोटं मोकळी व्हावीत म्हणून त्यानं स्वतःसाठी एक व्यायाम बसवला होता, भरभर सुरांचा एक तुकडा. डेका या रेकॉर्ड कंपनीचे पॉल कोहेन यांच्या कानावर तो पडला आणि १९४९ मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली. नाव ठेवलं ‘शुगरफूट रॅग’. मग त्याला शब्द जोडले गेले आणि रेड फोली या मोठ्या गायकानं ते गायलं, गिटार अर्थातच हँकची. ही रेकॉर्ड फोलीच्याच ‘चॅटनूगी शू शाइन बॉय’ या गाण्याच्या मागच्या बाजूला छापली गेली. पुढच्या बाजूचं गाणं १९५० मध्ये देशात पहिल्या नंबरवर गेलं, त्याबरोबर मागची बाजूही घरोघरी पोचली. व्यायामाचा तुकडा लाखो लोकांच्या घरी वाजायला लागला आणि १९ वर्षांच्या पोराला टोपणनाव मिळालं, ‘शुगरफूट’.

इथून तो स्वतःच्या नावानं मोठा कलाकार होऊ शकला असता. झालं वेगळंच. त्याला काम मिळत गेलं ते दुसऱ्यांच्या गाण्यात.

‘सेशन म्युझिशियन’ म्हणजे नेमकं काय, हे इथं समजून घ्यायला हवं. गायकाचा स्वतःचा बँड असतो, तो गावोगाव कार्यक्रम करतो. पण रेकॉर्डिंगच्या वेळी कंपन्यांना वेळ घालवायचा नसतो, कारण स्टुडिओचं भाडं चालू असतं. म्हणून रेकॉर्डिंगपुरते ठरलेले, तयारीचे वादक बोलवायचे. नॅशव्हिलमध्ये एक सेशन तीन तासांचं असायचं. सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा. तीन तासांत साधारण चार गाणी व्हावीत अशी अपेक्षा. वादक आत येणार, गाणं पहिल्यांदाच ऐकणार, आपसांत ठरवणार की सुरुवात कोण करेल, मधला तुकडा कोण वाजवेल, आणि थोड्याच वेळात टेप फिरायला लागणार. लिहिलेलं नोटेशन बहुतेक वेळा नसायचंच. कॉर्डना एक, चार, पाच असे आकडे द्यायचे, म्हणजे गायकाला वरच्या पट्टीत गायचं असलं तरी आकडे तेच राहतात. ही युक्ती तिथंच रुळली आणि आज ‘नॅशव्हिल नंबर सिस्टीम’ म्हणून शिकवली जाते.

मोबदला ठरलेला, युनियनच्या दरानं. गाणं दहा लाख विकलं गेलं तरी वादकाला जास्तीचा एक पैसा नाही. रेकॉर्डवर नावही नाही.

अशा वादकांचा एक गट पन्नाशीच्या दशकात तयार झाला. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हर्मन, सॅक्सोफोनवर बूट्स रँडॉल्फ आणि गिटारवर तिघं, हॅरल्ड ब्रॅडली, ग्रेडी मार्टिन आणि हँक गार्लंड. पुढं लोक त्यांना ‘ए टीम’ म्हणू लागले. त्या काळात नॅशव्हिलमधून निघालेल्या गाण्यांमध्ये ही मंडळी इतक्या ठिकाणी आहेत की कोण कुठं नव्हतं हे शोधणंच सोपं.

‘जिंगल बेल रॉक’ १९५७ चं. गायक बॉबी हेल्म्स. या गाण्याचे लेखक म्हणून वेगळ्याच दोघांची नावं छापली जातात. हेल्म्सचं आणि हँकचं म्हणणं असं की, हाती आलेलं गाणं वेगळंच होतं आणि त्याला आजचं रूप स्टुडिओत या दोघांनी दिलं. श्रेय मिळालं नाही ते नाहीच. दरवर्षी डिसेंबरात हे गाणं जगभर किती वेळा वाजतं याचा अंदाज केला, तर हा वाद किती पैशांचा होता ते लक्षात येईल.

एल्विसचं प्रकरणही मजेशीर आहे. १९५८ च्या मार्चमध्ये एल्विस सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झाला. दोन वर्षं गाणी येणार नाहीत म्हणून कंपनी धास्तावलेली. जूनमध्ये त्याला थोडी रजा मिळाली, तेव्हा १० आणि ११ तारखेला नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत घाईघाईनं रेकॉर्डिंग ठेवलं. एल्विसचे जुने गिटारवादक स्कॉटी मूर त्यात नव्हते, त्यांच्या जागी हँक बसला. दोन दिवसांत पाच गाणी झाली. त्यातलं ‘अ बिग हंक ओ लव्ह’ पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर गेलं. एल्विस गणवेशात परदेशी असताना त्याचं नाव बाजारात जिवंत ठेवलं ते या गाण्यांनी.

एल्विस परतल्यावरही हँक त्याच्या सेशन्समध्ये राहिला. २५ मार्च १९६१ रोजी हवाईत पर्ल हार्बरला एल्विसनं कार्यक्रम केला. दुसऱ्या महायुद्धात तिथं बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेच्या स्मारकासाठी निधी गोळा करायचा होता. त्या मंचावर हँक होता आणि एल्विसनं प्रेक्षकांना त्याची ओळख देशातल्या उत्तम गिटारवादकांपैकी एक अशी करून दिली. सेशन वादकाला असा मान क्वचित मिळायचा.

हे सगळं दिवसाचं झालं. आता रात्रीचं.

नॅशव्हिलमध्ये ‘प्रिंटर्स ॲली’ नावाची एक गल्ली आहे. नावाप्रमाणं एके काळी छापखान्यांची. पन्नाशीत तिथं नाइटक्लब होते. गंमत अशी की, त्या काळी नॅशव्हिलच्या क्लबात पेल्यानं दारू विकायला कायद्यानं परवानगीच नव्हती. गिऱ्हाइकानं आपली बाटली कागदी पिशवीत घालून आणायची, क्लबवाले बर्फ आणि सोडा देणार. ही व्यवस्था १९६७ पर्यंत चालली. त्या गल्लीतल्या ‘कॅरोसेल क्लब’मध्ये दिवसभर कंट्री आणि रॉक वाजवून आलेले हेच वादक रात्री एकत्र जमायचे आणि जॅझ वाजवायचे. त्याचे कुणी सेशनचे पैसे देत नव्हतं आणि निर्माता घड्याळही बघत नव्हता.

कंट्री वाजवणाऱ्याला जॅझची ओढ लागणं हे वाटतं तितकं विचित्र नाही. त्या पिढीचे कंट्री गिटारवादक फ्रान्समधल्या जँगो राइनहार्टच्या रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकायचे. हँकला या वाटेला लावण्यात बिली बर्ड यांचा मोठा हात होता. हे स्वतः अर्नेस्ट टब या कंट्री गायकाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे, पण जॅझच्या कॉर्ड त्यांना चांगल्या येत. ते हँकला शिकवत गेले आणि शिष्य लवकरच गुरूच्या पुढं गेला.

पण आवड असणं वेगळं आणि येणं वेगळं. कंट्रीच्या गाण्यात बहुतेक वेळा तीन-चार कॉर्ड असतात. गिटारवादकाला मध्ये आठ पट्ट्या मिळतात, त्यात चाल ओळखू येईल असं काहीतरी गोड वाजवायचं आणि बाजूला व्हायचं. जॅझमध्ये हिशेब उलटा. उदाहरणार्थ ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जेरोम कर्न यांचं १९३९ चं गाणं. ३६ पट्ट्यांत ते पाच वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांमधून फिरतं. वादकाला मूळ चाल एकदा वाजवून सोडून द्यायची असते आणि मग त्या बदलत्या कॉर्डवर, न थांबता, तिथल्या तिथं नवीन चाल रचायची असते. शिवाय ड्रमवाला आणि बासवाला काय करतायत ते ऐकत. बोटं कितीही वेगवान असली तरी कान आणि डोकं तयार नसेल तर पहिल्या वळणावरच माणूस हरवतो.

या खटाटोपातून एक गिटारही जन्माला आली. गिब्सन कंपनीची जॅझसाठी वापरली जाणारी ‘एल-५’ ही गिटार पेटीसारखी जाड, तिची पेटी तीन इंचांहून अधिक खोल. तासन्‌तास मांडीवर घेऊन बसलं की खांदा भरून येणार. बिली बर्ड आणि हँकनं कंपनीला पातळ पेटीची गिटार मागितली. गिब्सननं १९५५ मध्ये ती बनवली, पेटी सव्वादोन इंचांची. तारेची वाजती लांबीसुद्धा साडेपंचवीस इंचांवरून साडेतेवीस केली. दोन इंच म्हणजे काही नाही असं वाटेल, पण त्यामुळं गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्या जवळजवळ येतात. मग एरवी बोट न पोचणाऱ्या जॅझच्या अवघड कॉर्ड आवाक्यात येतात. बर्ड आणि गार्लंड ही दोन नावं जोडून गिटारचं नाव ठेवलं ‘बर्डलँड’. रेकॉर्डवर ज्याचं नाव येत नव्हतं, त्याचं निम्मं नाव असं एका वाद्यावर कायमचं बसलं.

१९६० चा उन्हाळा हा हँकच्या आयुष्यातला सगळ्यात भरगच्च काळ.

त्याला जॅझचा अल्बम करायचा होता आणि त्यासाठी व्हायब्राफोन वाजवणारा हवा होता. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. कंट्रीच्या गावात असा वादक कुठून मिळणार? सॅक्सोफोनवाल्या बूट्स रँडॉल्फ यांना इंडियाना राज्यातला एक मुलगा ठाऊक होता. नाव गॅरी बर्टन, वय १७, नुकतीच शाळा संपलेली, वाद्य बहुतांश स्वतःच शिकलेला. हँकनं त्याला ऐकलं आणि उन्हाळाभर नॅशव्हिलला बोलावून घेतलं. बर्टनला शरद ऋतूत बोस्टनच्या संगीत महाविद्यालयात जायचं होतं, त्याआधी त्याचं खरं शिक्षण प्रिंटर्स ॲलीत सुरू झालं.

जुलैमध्ये नॅशव्हिलची ही मंडळी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाला निघाली. चेट ॲटकिन्स, हँक, क्रेमर, रँडॉल्फ, मूर, हर्मन, छोटा बर्टन आणि कृष्णवर्णीय वादक ब्रेंटन बँक्स. कंट्रीवाले म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांना देशातल्या सगळ्यात प्रतिष्ठित जॅझ मंचावर वाजवायची संधी. पोचले आणि बघतात तो गावात दंगल! तिकिटं न मिळालेल्या हजारो तरुणांनी रस्त्यावर धिंगाणा घातला, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला आणि महोत्सव अर्ध्यात गुंडाळला गेला. यांची पाळी आलीच नाही.

मग त्यांनी काय करावं? आरसीए कंपनीनं राहण्यासाठी एक बंगला भाड्यानं घेतला होता. त्याच्या व्हरांड्यात वाद्यं मांडली, टेप सुरू केली आणि जे मंचावर वाजवायचं होतं ते तिथंच वाजवलं. ती रेकॉर्ड ‘आफ्टर द रायट ॲट न्यूपोर्ट’, म्हणजे ‘न्यूपोर्टच्या दंगलीनंतर’, या नावानं निघाली.

त्याच उन्हाळ्यात हँकनं कोलंबिया कंपनीसाठी आपला अल्बम केला, ‘जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन’. निर्माता होते ए टीममधले ग्रेडी मार्टिन, म्हणजे एरवी ज्यांच्याशी गिटारच्या कामाची वाटणी व्हायची तेच. न्यूयॉर्कहून दोघांना बोलावलं. ड्रमवर जो मोरेलो, डेव्ह ब्रुबेक यांच्या प्रसिद्ध चौकडीतले, ‘टेक फाइव्ह’मध्ये ज्यांचे ड्रम वाजतात ते. बासवर जो बेंजामिन. व्हायब्राफोनवर अर्थात बर्टन.

इथं त्या शहरातली त्या वर्षीची हवाही लक्षात घ्यायला हवी. १९६० च्या फेब्रुवारीपासून नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसत होते, मार खात होते, तुरुंगात जात होते. मे महिन्यात काही दुकानांनी माघार घेतली. त्यानंतर तीनेक महिन्यांत, त्याच शहरातल्या स्टुडिओत, तीन गोरे वादक आणि जो बेंजामिन हे कृष्णवर्णीय बासवादक एकत्र बसून जॅझ वाजवत होते. अल्बमच्या मुखपृष्ठावर याची काही घोषणा नव्हती. काम चालू होतं, इतकंच.

अल्बममध्ये सहा तुकडे आहेत. पहिलाच ‘ऑल द थिंग्ज यू आर’, म्हणजे हँकनं परीक्षा सोपी घेतलेली नाही. ‘मूव्ह’ हा तर सुसाट वेगाचा. तिथं त्याचे सूर एकेक मोजून घ्यावेत इतके सुटे आणि स्वच्छ ऐकू येतात. सेशनमध्ये तीन तासांत चार गाणी उरकणाऱ्या माणसाला इथं पहिल्यांदा एका तुकड्यात मनासारखं पसरायला जागा मिळाली होती, आणि ते कानाला कळतं. उगीच बोटांची कसरत दाखवणं मात्र कुठंही नाही. दुसऱ्याच्या गाण्यात नेमकं तेवढंच वाजवायची सवय इथं त्याच्या कामी आली, असं म्हणायला हरकत नाही.

अल्बम १९६१ मध्ये बाजारात आला. जॅझवाल्यांनी माना डोलावल्या, कंट्रीवाले जरा चक्रावले. पिट्सबर्गमध्ये जॉर्ज बेन्सन नावाच्या एका कोवळ्या गिटारवादकानं तो ऐकला आणि तो झपाटून गेला. पुढं जगप्रसिद्ध झाल्यावरही बेन्सन या रेकॉर्डचं ऋण सांगत आला आहे.

हँक मात्र सेशन सोडून न्यूयॉर्कला गेला नाही. तो कामावर होताच. जून १९६१ मध्ये एल्विसचं ‘लिटल सिस्टर’ रेकॉर्ड झालं. हवा तसा बोचरा आवाज मिळेना, तेव्हा त्यानं हॅरल्ड ब्रॅडली यांची फेंडर कंपनीची गिटार मागून घेतली आणि तिच्यावर ती गुरगुरणारी सुरुवात वाजवली. त्या गिटारच्या मॉडेलचं नाव ‘जॅझमास्टर’. फेंडरनं ती जॅझवाल्यांसाठी काढली होती आणि त्यांनी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. अस्सल जॅझ येणाऱ्या माणसानं ती हातात घेतली तीसुद्धा रॉक अँड रोलसाठी!

दोन महिन्यांनी, ८ सप्टेंबर १९६१ रोजी, नॅशव्हिलच्या उत्तरेला स्प्रिंगफील्ड गावाजवळ त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो एकटा गाडी चालवत होता. डोक्याला जबर मार लागला आणि तो कोमात गेला. एकतिसावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता.

जीव वाचला. पण शुद्धीवर आलेला माणूस पूर्वीचा राहिला नव्हता. त्याला चालायला, बोलायला पुन्हा शिकावं लागलं. त्यात पत्नीनं खूप साथ दिली. उपचारांमध्ये विजेचे झटकेही दिले गेले. ते शंभरावर होते आणि अपघातापेक्षा जास्त नुकसान त्यांनीच केलं, असं त्याच्या भावाचं म्हणणं होतं. अपघात हा अपघात नव्हताच, घातपात होता, असाही भावाचा आरोप होता. तो कधी सिद्ध झाला नाही. डोक्याच्या दुखापतीवर त्या काळी वैद्यकशास्त्राकडं फारसं काही नव्हतं, हे मात्र खरं.

गिटारही पहिल्यापासून शिकायची वेळ आली. सहाव्या वर्षी जे केलं तेच तिशी ओलांडल्यावर पुन्हा. सूर हळूहळू परत आले. पण स्टुडिओत लागते ती चपळाई, एकदा ऐकून पकडायची, क्षणात ठरवायची, ती आली नाही. यानंतर त्यानं स्टुडिओत पुन्हा कधीच रेकॉर्डिंग केलं नाही.

नॅशव्हिल कुणासाठी थांबत नाही. सकाळी दहाचं सेशन दहालाच सुरू होत राहिलं, त्याच्या खुर्चीवर दुसरे गिटारवादक बसले. कोलंबियानं त्याचं आधीचं काही रेकॉर्डिंग १९६२ मध्ये बाजारात आणलं, तेव्हा अल्बमच्या नावात ‘अविस्मरणीय’ असा शब्द घातला. माणूस हयात असताना!

गॅरी बर्टन दरम्यान मोठा झाला होता. चार काठ्यांनी व्हायब्राफोन वाजवायची त्याची पद्धत जगभर गाजत होती. १९६६ मध्ये तो नॅशव्हिलला परतला आणि जॅझवाले व कंट्रीवाले यांना एकत्र बसवून ‘टेनेसी फायरबर्ड’ हा अल्बम केला. चेट ॲटकिन्स होते, बाकीचेही नामवंत होते. सहा वर्षांपूर्वी ज्यानं हे दार उघडलं होतं, तो त्यात नव्हता. पुढं बर्टननं आपल्या बँडमध्ये पॅट मेथेनी नावाच्या विशीतल्या गिटारवादकाला घेतलं. मेथेनीच्या जॅझमध्ये जो मोकळ्या माळरानाचा, कंट्रीच्या अंगाचा सूर लागतो, त्याची मुळं शोधत गेलात तर प्रिंटर्स ॲलीपर्यंत पोचाल.

१९७६ मध्ये नॅशव्हिलच्या चाहत्यांच्या मेळाव्यात जुन्या कलाकारांचा एक कार्यक्रम झाला. हँक मंचावर आला आणि त्यानं ‘शुगरफूट रॅग’ वाजवलं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी बोटं मोकळी करायला बसवलेला तोच व्यायाम.

नंतरची वर्षं तो फ्लोरिडात भावाच्या आधारानं राहिला. नॅशव्हिलनं आजवर पाहिलेल्या गिटारवादकांत हँक सगळ्यात श्रेष्ठ, असं खुद्द चेट ॲटकिन्स यांचं मत होतं, आणि त्या शहरात याहून मोठं प्रमाणपत्र नाही. २००१ मध्ये त्याचं कोलंबियासाठीचं काम ‘मूव्ह’ या नावानं सीडीवर एकत्र निघालं. २७ डिसेंबर २००४ रोजी फ्लोरिडातल्या ऑरेंज पार्कमध्ये जंतुसंसर्गानं त्याचं निधन झालं. वय ७४. अपघातानंतर तो ४३ वर्षं जगला होता. २००८ मध्ये त्याच्यावर ‘क्रेझी’ नावाचा सिनेमा आला, तो फार चालला नाही.

त्याला ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी ‘शुगरफूट रॅग’. मग ‘लिटल सिस्टर’, पण एल्विसकडं दुर्लक्ष करून. आणि मग दिवे मंद करून ‘ऑल द थिंग्ज यू आर’. तिन्ही ठिकाणी वाजवणारा माणूस एकच आहे, हे पटायला थोडा वेळ लागतो.